हँडहेल्ड गेमिंगची बॅटरी स्वतः बदलायची तर सुरुवात कुठून करायची, आणि युरोपचा २०२७ चा नियम आपल्या काय कामाचा

स्विच, स्टीम डेक, आरओजी अलाय, जुना पीएसपी नाहीतर थ्रीडीएस, यातलं हातात धरून खेळायचं कुठलंही गेमिंग मशीन घरात असेल आणि चार्जिंग पूर्वीसारखं टिकत नसेल तर हे वाचा. ज्यांनी आजवर एक स्क्रूसुद्धा खोललेला नाही त्यांच्यासाठीच लिहितोय, त्यामुळे माहीतगार मंडळींना काही गोष्टी फारच बेसिक वाटतील, चालायचंच.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की बसवा. लिथियम बॅटरी ही झिजणारी वस्तू आहे. रोज खेळा नाहीतर कपाटात ठेवून द्या, ती आतून झिजतेच, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात जरा जास्तच झिजते. बॅटरी गेली म्हणजे मशीन गेलं असं अजिबात नाही. बटणं ठीक, स्क्रीन ठीक, स्टिक ठीक, आणि केवळ तासाभरात बंद पडतो म्हणून लोक चांगला सेट कवडीमोलाने फुंकून टाकतात, ते बघून खरंच जीव तुटतो. रिमोटचे सेल संपले म्हणून कोणी टीव्ही विकत नाही ना, मग इथेच तसं का व्हावं? तर ते होतं कारण बॅटरी काढणं मुद्दाम नाही म्हटलं तरी बेफिकिरीने अवघड करून ठेवलंय, आणि आता युरोपियन युनियनने नेमकं त्यावरच बोट ठेवलंय. २०२३ मधे त्यांनी बॅटरीचा नवा कायदा केला, नंबर २०२३/१५४२, त्यातलं ११ वं कलम १८ फेब्रुवारी २०२७ पासून लागू होतं. ते कलम वाचताना मला वाटलं की हे कोणीतरी खरंच हातात पेचकस घेऊन बसलेल्या माणसाला विचारून लिहिलंय. त्यामुळे खाली बॅटरी बदलायची पद्धत सांगता सांगताच, कुठे अडतं आणि तिथे कायदा काय म्हणतो तेही सांगत जातो.

तुमचा सेट कुठल्या प्रकारातला आहे ते आधी बघा

ढोबळ मानाने तीन प्रकार आहेत. पहिला म्हणजे झाकण काढलं की बॅटरी हातात. १९८९ च्या गेम बॉयमधे चार पेन्सिल सेल लागायचे, गेम बॉय कलरमधे दोन, कुठल्याही किराणा दुकानातून आणा आणि टाका. २००३ मधे गेम बॉय अ‍ॅडव्हान्स एसपी आला, त्यात चार्जिंगची लिथियम बॅटरी आली पण तीसुद्धा मागे एका स्क्रूच्या छोट्या झाकणाखाली. डीएस लाइटचंही तसंच. सोनीच्या पीएसपीला तर स्क्रूपण नव्हता, झाकण सरकवायचं आणि बॅटरी उचलायची, लोक प्रवासात खिशात दुसरी बॅटरी ठेवायचे. आजही मियू मिनी प्लससारख्या छोट्या रेट्रो मशीनमधे मागचं झाकण काढून बॅटरी बदलता येते, म्हणजे हे जमत नाही असं कोणी म्हणत असेल तर ते खरं नाही.

आणि एक मस्त उदाहरण सांगतो. २०११ च्या निन्टेन्डो थ्रीडीएसमधली सीटीआर-००३ नावाची १३०० एमएएचची (एमएएच म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप) बॅटरी, तीच बॅटरी २०१७ च्या स्विच प्रो कंट्रोलरमधे आहे. तीच, जशीच्या तशी. म्हणजे तुमचा प्रो कंट्रोलर लवकर उतरायला लागला तर थ्रीडीएसची बॅटरी आणून बसवा, काम झालं. एकाच कंपनीने मनात आणलं तर एक बॅटरी इतकी वर्षं वेगवेगळ्या वस्तूंमधे चालू शकते.

दुसरा प्रकार म्हणजे अख्खं मागचं कव्हर खोलायला लागतं पण आत बॅटरी स्क्रूने बसवलेली असते. असूसचा आरओजी अलाय या प्रकारात येतो. हे नवख्या माणसाला आरामात जमतं.

तिसरा प्रकार त्रासाचा. कव्हर खोला, पत्रा काढा आणि खाली बॅटरी गमने चिकटवलेली. निन्टेन्डो स्विच, स्विच लाइट, २०२२ चा एलसीडी स्टीम डेक, आणि ५ जून २०२५ ला आलेला स्विच २ सुद्धा यातच. स्विच २ कडून माझ्या फार अपेक्षा होत्या, कारण तोवर युरोपचा कायदा होऊन जवळपास दोन वर्षं झाली होती, तरी बॅटरी चिकटवलेलीच निघाली.

बॅटरीच गेलीय याची खात्री करा

बरेचदा दोष केबलचा किंवा चार्जरचा असतो आणि माणूस बॅटरीच्या मागे लागतो. आधी दुसरा चार्जर दुसरी केबल लावून बघा, चार्जिंगच्या भोकात कचरा बसलाय का तो टॉर्च मारून बघा, आणि असला तर लाकडी टूथपिकने हळूच काढा, पिन नको.

मग आकडे बघा. विंडोजवाला हँडहेल्ड असेल तर काम सोपं, कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, मग एक स्पेस, मग स्लॅश आणि बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजी अक्षरांत (powercfg /batteryreport) टाइप करून एंटर मारा, एक फाइल तयार होते आणि ती कुठे सेव्ह झाली तेही तिथेच दिसतं. त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे असतात. पहिल्या अलायची बॅटरी नवीन असताना ४० वॉट-अवरची असते, तिथे फुल चार्ज २६-२७ दाखवत असेल तर बॅटरी चांगलीच झिजलीय. स्टीम डेकमधे डेस्कटॉप मोडला जा, इन्फो सेंटर उघडा, एनर्जी या भागात हीच माहिती मिळते. स्विचमधे असं काही दिसत नाही. तिथे एकच उपाय, पूर्ण चार्ज करून ब्राइटनेस मधोमध ठेवून रोजचाच एखादा गेम लावा आणि घड्याळ बघा. नवीन असताना जेवढा चालायचा त्याच्या निम्म्यावर आला असेल, किंवा ३० टक्क्यांवरून धाडकन बंद पडत असेल, तर बॅटरी बदलायची वेळ झाली.

एक मात्र ध्यानात घ्या, कित्येक महिने कपाटात पडून राहिलेला स्विच लगेच चालू झाला नाही म्हणून घाबरू नका. पूर्ण उतरलेली बॅटरी असेल तर तो चार्जरला लावून बराच वेळ तसाच ठेवा, कधी कधी जागा होतो. निन्टेन्डो स्वतःच सांगते की वापरत नसाल तरी सहा महिन्यांतून एकदा चार्ज करा, नाहीतर बॅटरी परत चार्जच होणार नाही अशी वेळ येऊ शकते. परीक्षेच्या वर्षी मुलांचा सेट वर ठेवून देणाऱ्या आईबाबांनी हे कॅलेंडरवर लिहून ठेवा.

फुगली असेल तर इथेच थांबा

मागचं कव्हर पोटासारखं वर आलंय, स्क्रीनच्या कडेला फट दिसतेय, स्विचचं स्टँड नीट बसत नाहीये, सेट टेबलावर ठेवला की डुगडुगतो, ही सगळी बॅटरी फुगल्याची लक्षणं. आतल्या रसायनाचं विघटन होऊन गॅस तयार होतो आणि पाकीट फुगतं. असा सेट चार्जिंगला लावायचा नाही, चालू करायचा नाही, दाबून बंद करायचा प्रयत्न तर मुळीच करायचा नाही. नवखे असाल तर फुगलेली बॅटरी स्वतः काढायच्या भानगडीत पडू नका, अनुभवी रिपेरिंगवाल्याकडे न्या, आणि नेईपर्यंत सेट गादी-पडद्यापासून लांब, फरशीवर, शक्य तर वाळूच्या बादलीत किंवा पत्र्याच्या डब्यात झाकण उघडं ठेवून ठेवा. धूर यायला लागला तर हातात घेऊन पळू नका, सगळ्यांना बाहेर काढा, दार लावून घ्या आणि १०१ ला फोन करा. धूर विषारी असतो.

बॅटरी कुठून आणायची

खरी मारामारी इथे आहे. खोलणं जमेल, पण चांगली बॅटरी मिळणं कठीण. निन्टेन्डो स्विच आणि स्टीम डेक आपल्याकडे बहुतेक करून इम्पोर्ट होऊनच आलेले असतात, त्यामुळे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधे जाऊन सुटी बॅटरी द्या म्हणायची सोय नाही. अलीएक्सप्रेस २०२० पासून भारतात बंद. बाहेरून मागवायची म्हटलं तर सुट्या लिथियम बॅटरीवर विमान वाहतुकीचे कडक नियम आहेत, प्रवासी विमानातून त्या माल म्हणून पाठवताच येत नाहीत, त्यामुळे बरेच विक्रेते भारतात पाठवायलाच नाही म्हणतात.

मग उरतात मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासची दुकानं, आणि ऑनलाइन विक्रेते. तिथे जाताना बॅटरीचा मॉडेल नंबर लिहून न्या, "स्विचची बॅटरी द्या" म्हणून चालत नाही. पहिल्या स्विचची एचएसी-००३, ४३१० एमएएच. स्विच लाइटची एचडीएच-००३, ३५७० एमएएच. दोन्ही वेगळ्या, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. दुकानदाराने ५००० किंवा ६००० एमएएचची "जास्त पॉवरवाली" दाखवली आणि आकार तोच असेल तर हात जोडून परत द्या, तेवढ्याच जागेत एवढी वीज मावत नाही, तो आकडा नुसता छापलेला आहे.

बॅटरी हातात घेऊन बघायच्या गोष्टी: पाकिटाच्या कडा सरळ आहेत का, कनेक्टर तुमच्यासारखाच आहे का, वायरींचा रंगक्रम तोच आहे का, आणि भारतात विकायला आणलेली असेल तर त्यावर बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचं, चिन्ह आणि आर ने सुरू होणारा नंबर आहे का. लिथियम बॅटरीला आयएस १६०४६ या मानकाखाली नोंदणी सक्तीची आहे, आणि तो आर नंबर बीआयएस केअर नावाच्या सरकारी अ‍ॅपमधे टाकून तपासता येतो. दुकानात उभ्या उभ्या होतं, एक मिनिट लागतं, जरूर करा. माझ्या ओळखीतल्या एका मुलाने घेतलेल्या बॅटरीवरचा नंबर टाकला तर तो भलत्याच कंपनीच्या पॉवर बँकेचा निघाला, दुकानदाराने काही न बोलता पैसे परत दिले. पक्कं बिल घ्या, दोनशे रुपये वाचतात म्हणून बिल सोडू नका, का ते पुढे येतं.

आता कायदा इथे काय म्हणतो ते बघा. युरोपात एखादं मॉडेल बाजारात आणलं की त्याचा शेवटचा नग बाजारात आल्यानंतर कमीत कमी ५ वर्षं त्याची सुटी बॅटरी मिळालीच पाहिजे, तीही वाजवी आणि सगळ्यांना सारख्या किमतीत, दुरुस्ती करणाऱ्याला आणि साध्या गिऱ्हाइकालाही. माझ्या मते अख्ख्या कलमातली सगळ्यात मोलाची ओळ हीच. कारण सुटी बॅटरी चांगली आणि सहज मिळायला लागली की बाकीचं लोक आपोआप शिकतात.

हत्यारं

फार लागत नाही. बारीक फिलिप्स म्हणजे फुलीवाला, शून्य-शून्य मापाचा. निन्टेन्डोसाठी वाय आकाराचा ट्राय-पॉइंट, वाय शून्य-शून्य. स्टीम डेक ओएलईडी असेल तर टॉर्क्स टी-६, म्हणजे सहा टोकांच्या चांदणीवाला. प्लॅस्टिकची पातळ पट्टी, गिटारचं पिक चालतं. चिमटा. आणि गमसाठी ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, आयपीए म्हणून मागा, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. मोबाइल रिपेरिंगचा छोटा सेट घेतला तरी बहुतेक सगळं त्यात येतं, पण एकदम स्वस्तातला नको, त्याची टोकं मऊ असतात आणि पहिल्याच घट्ट स्क्रूचं डोकं खाऊन टाकतात, मग तो स्क्रू काढणं म्हणजे दिवसभराचं काम.

कायद्यात हत्याराबद्दल स्पष्ट लिहिलंय, बॅटरी बाजारात मिळणाऱ्या हत्यारांनी निघाली पाहिजे. खास हत्यार लागणार असेल तर ते कंपनीने वस्तूबरोबर फुकट द्यायचं. आणि फक्त कंपनीकडेच मिळतं असं हत्यार चालणार नाही.

खोलायला बसताना

बॅटरी २५ टक्क्यांच्या खाली उतरवून घ्या, भरलेली बॅटरी चुकून दुखावली तर जास्त भडकते. सेट पूर्ण बंद करा, स्लीपमधे नाही, बंद. स्टीम डेक एलसीडी असेल तर व्हॉल्युम वाढवायचं बटण दाबून धरून पॉवर दाबा, सेटअपमधे जाऊन बॅटरी स्टोरेज मोड चालू करा, म्हणजे खोलताना चुकून सुरू होत नाही.

आणि मेमरी कार्ड काढा. हे परत लिहितो, मेमरी कार्ड काढा. स्टीम डेकमधे कार्ड आत ठेवून मागचं कव्हर ओढलं की कार्ड मधोमध मोडतं, डेक खोलणाऱ्यांचं सगळ्यात जास्त होणारं नुकसान हेच.

टेबलावर पांढरा टॉवेल नको, त्याच्या धाग्यात स्क्रू हरवतात. एक मोठा कागद घ्या, त्यावर सेटचं चित्र काढा आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच चित्रावर डबल टेप लावून चिकटवा. हे पोरखेळ वाटेल पण याच्याइतकी कामाची दुसरी युक्ती नाही. स्टीम डेकच्या मागे आठ स्क्रू असतात, चार लांब चार आखूड, लांब स्क्रू आखडाच्या जागी पिळला तर आतलं प्लॅस्टिक फुटतं.

स्विच असेल तर क्रम असा. दोन्ही जॉय-कॉन, म्हणजे बाजूचे कंट्रोलर, सरकवून काढा. मागचे चार कोपऱ्यातले स्क्रू ट्राय-पॉइंटचे, तिथे फिलिप्स घालायचा मोह टाळा. मग खालच्या कडेचे, वरच्या कडेचा, दोन्ही बाजूंच्या मधले फिलिप्स स्क्रू. एवढं करून कव्हर हलत नसेल तर जोर लावू नका, स्टँड उघडा, मेमरी कार्डाच्या जागेजवळ एक बारकासा स्क्रू लपलेला असतो, बहुतेक लोक त्यालाच अडतात. तो निघाला की कव्हर खालच्या बाजूने वर उचला. आत एक पत्रा दिसतो, त्यावर मेमरी कार्डाचा छोटा बोर्ड, त्याचा एक स्क्रू काढून तो सरळ वर उचला, मग पत्र्याचे सहा स्क्रू. पत्रा उचलताना जरा चिकटल्यासारखा वाटेल, कारण त्याच्याखाली उष्णता वाहून न्यायला गुलाबीसर पेस्ट असते. ती पुसून फेकू नका, वर सुकली नसेल तर परत बसवताना तशीच एकत्र करून घ्या, सुकली असेल तर जाडसर थर्मल पेस्ट लावा, आणि ती उगाच इकडे तिकडे पसरू देऊ नका.

आता बॅटरीचा कनेक्टर. बाकी काहीही करायच्या आधी हा सोडवायचा. वायर धरून ओढायचं नाही, प्लॅस्टिकच्या पट्टीने डावी-उजवी बाजू थोडी थोडी उचलत सरळ वर काढायचा. बोर्डवरचं सॉकेट उखडलं तर मात्र काम मोठं होतं.

चिकटलेली बॅटरी

इथे घाई करायची नाही, चहा घ्या, पंखा चालू ठेवा, खिडकी उघडा. ड्रॉपरने आयपीएचे दोन-चार थेंब बॅटरीच्या एका कडेला सोडा, सेट किंचित तिरका धरा म्हणजे ते खाली झिरपेल, दोन-तीन मिनिटं थांबा. मग पातळ पट्टी कडेने घालून हळूहळू सरकवा. उचकटायचं नाही, सरकवायचं. परत थेंब, परत थांबा, परत सरकवा. बॅटरी वाकता कामा नये, वाकली तर आतले थर एकमेकांना टेकून शॉर्ट होऊ शकतात. लोखंडी पातं, कटर, स्क्रू ड्रायव्हरचं टोक, यातलं काहीही बॅटरीजवळ आणायचं नाही. स्टीम डेक एलसीडीचा गम तर फार चिवट आहे, पहिल्यांदाच करत असाल तर मी म्हणेन की तो रिपेरिंगवाल्याकडे द्या आणि समोर बसून बघा.

कायद्याने नेमका यावरच घाव घातलाय. बॅटरी काढायला उष्णता किंवा सॉल्व्हंट, म्हणजे आयपीएसारखं गम विरघळवणारं द्रव, लागता कामा नये असं कलमात शब्दांत लिहिलंय. म्हणजे आत्ता तुम्ही जे थेंब सोडताय, किंवा दुकानदार हीट गन मारतो, ते ज्या वस्तूत करावं लागतं ती वस्तू १८ फेब्रुवारी २०२७ नंतर युरोपात नव्याने बाजारात आणता येणार नाही. मॉडेल जुनं असलं तरी त्या तारखेनंतर बाजारात आलेल्या प्रत्येक नगाला हे लागू. आधीच दुकानात पोचलेल्या आणि विकलेल्यांना नाही.

बसवताना

जुना गम पुसून घ्या, आयपीए पूर्ण वाळू द्या. नवीन बॅटरी बसवायला पातळ डबल टेपच्या दोन बारीक पट्ट्या पुरतात, पुढच्या वेळी काढणाऱ्याचा, म्हणजे बहुधा तुमचाच, विचार करा. कनेक्टर बोटाने हलकेच दाबला की टिक असा जाणवतो. कव्हर पूर्ण पॅक करायच्या आधी एकदा चालू करून बघा, चार्जर लावून बघा. मग बंद करून स्क्रू पिळा, सगळे आधी ढिले लावून घ्या आणि मग कोपऱ्या-कोपऱ्याने घट्ट करा. पहिल्यांदा पूर्ण चार्ज होईपर्यंत सेट डोळ्यासमोर राहू द्या, रात्रभर लावून झोपू नका. टक्केवारी सुरुवातीला उड्या मारते, दोन-तीन वेळा पूर्ण चार्ज करून वापरला की जागेवर येते.

नवीन बॅटरी जास्त टिकवायची असेल तर कायम चार्जरला लावून खेळणाऱ्यांनी चार्जिंगची मर्यादा चालू करा. स्टीम डेकमधे आता ८० टक्क्यांची सोय आहे, असूसमधेही आहे, स्विच २ मधे साधारण ९० ला थांबवायची आहे.

जुनी बॅटरी कचऱ्यात नाही

दोन्ही टोकांना, म्हणजे कनेक्टरवर, चिकटपट्टी गुंडाळा आणि वेगळ्या पिशवीत ठेवा. ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकली तर कचऱ्याच्या गाडीत ती चेपली जाते आणि पेट घेते, आणि ते हाताने वेगळं करणाऱ्या बाईच्या अंगावर येतं. भारताच्या २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांत आपल्यावरही जबाबदारी टाकलीय, बॅटरी घरच्या कचऱ्यापासून वेगळी ठेवून गोळा करणाऱ्याकडेच द्यायची. पुण्यात स्वच्छ संस्थेमार्फत ई-कचरा घेतात, बाकी शहरांत महापालिकेचं केंद्र किंवा मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानातला डबा बघा.

हा नियम आपल्याला लागू आहे का

थेट नाही. भारतात ग्राहकाला स्वतः बॅटरी काढता आलीच पाहिजे असं बंधन अजून नाही. ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मधे दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला राइट टू रिपेअर पोर्टल सुरू झालं, त्यात शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि गाड्या असे चार गट आहेत. पण ते कंपन्यांनी आपणहून माहिती टाकायचं व्यासपीठ आहे, सक्ती नाही. अमेरिकेचं बघाल तर कॅलिफोर्नियाचा दुरुस्तीचा कायदा १ जुलै २०२४ पासून आहे, त्यात फोन लॅपटॉप सगळं आहे, पण गेमिंग कन्सोल चक्क वगळलेत. मिनेसोटातही तेच. म्हणून युरोपच्या कायद्याचं महत्त्व जास्त, तो वस्तू कुठली हे बघत नाही, ५ किलोपर्यंतची सीलबंद बॅटरी आत असली की झालं, मग तो गेमिंग सेट असो, कंट्रोलर असो की हेडफोन. सवलती आहेत, मुख्यतः पाण्यात किंवा सतत पाणी उडणाऱ्या जागी वापरायच्या धुण्याजोग्या वस्तूंना, आणि काही वैद्यकीय यंत्रांना. हँडहेल्ड गेमिंग सेट त्यात बसवणं मला तरी अवघड दिसतं. फोन आणि टॅबलेटला मात्र २० जून २०२५ पासून लागू झालेले वेगळे नियम आहेत, ते आणि हे एकत्र करू नका, बऱ्याच चर्चेत ही गल्लत दिसते.

अजून एक तरतूद आहे जी मला फार आवडली, सॉफ्टवेअर वापरून बॅटरी बदलण्यात अडथळा आणायचा नाही. म्हणजे योग्य बॅटरी बसवली तरी "ओळखीची नाही" म्हणून मशीनने अडून बसायचं नाही. आणि बॅटरी कशी काढायची कशी बसवायची याच्या सूचना वस्तूबरोबर द्यायच्या आणि इंटरनेटवर कायम सगळ्यांना खुल्या ठेवायच्या. या सूचना पुण्यात बसूनही वाचता येणार आहेत, आपला पहिला थेट फायदा तोच. दुसरा म्हणजे कंपन्या सहसा एका बाजारासाठी पूर्ण वेगळं डिझाइन करायचा खर्च टाळतात, त्यामुळे तसाच सेट इतरत्र येण्याची शक्यता बरीच आहे, पण खात्री धरून चालू नका.

जर्मनी, नेदरलँड्स, आयर्लंडमधे आपली बरीच मंडळी आहेत. तिकडचा भाऊ किंवा मैत्रीण २०२७ मधे सुट्टीला येताना सेट आणणार असेल तर त्यांना तीन गोष्टी विचारायला सांगा: हा नग १८ फेब्रुवारीनंतर बाजारात आलेला आहे का, बॅटरी काढायच्या सूचना कुठे आहेत, आणि सुटी बॅटरी आज विकत मिळते का. मिळत असेल तर तेव्हाच एक आणायला सांगा, पण ती हातातल्या बॅगेत, कनेक्टरला चिकटपट्टी लावून, चेक-इन सामानात सुटी बॅटरी चालत नाही. गेमिंगच्या बॅटऱ्या १०० वॉट-अवरच्या आतच असतात, त्यामुळे केबिनमधे अडचण नसते.

इथे कोणी फसवलं तर

बॅटरी डुप्लिकेट निघाली, महिन्यात फुगली, रिपेरिंगवाल्याने सॉकेट तोडून हात वर केले, अशा वेळी ते पक्कं बिल काढा. सेट ग्रे मार्केटचा, म्हणजे कंपनीच्या अधिकृत मार्गाने न आलेला, असला तरी ज्याने तुम्हाला बॅटरी विकली किंवा दुरुस्तीचे पैसे घेतले तो २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जबाबदार आहेच. आधी लेखी कळवा, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना पण तारीख, बिल नंबर, फोटो सगळं घालून आणि उत्तराला मुदत देऊन. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा, मराठीत बोलता येतं. बरेच दुकानदार इथपर्यंत आल्यावर तडजोड करतात. नाहीच ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, आणि दुकान दुसऱ्या शहरात असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. खराब बॅटरी तोवर फेकू नका, पण घरात चार्जही करू नका, चिकटपट्टी लावून त्याच पत्र्याच्या डब्यात बाल्कनीत सावलीला ठेवा, पुरावा तोच आहे.